बर्फातील घराची वाट : लाहौलचा एक अभ्यास

वर्षावास म्हणजे काय, हे आपल्या समाजातील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे, कारण पावसाळ्यात वाटा बिकट होतात. हिमालयाच्या पलीकडल्या दऱ्यांत मात्र वाट अडवतो तो पाऊस नव्हे, बर्फ. आणि तोही तीन महिने नव्हे, वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ. तेथे उभ्या उतारावर ज्यांची घरे आहेत, ती माणसे हिवाळ्यात घरी कशी पोहोचतात? भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात याचे उत्तर मिळत नाही, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे. उदाहरण हिमाचल प्रदेशातील लाहौलचे.

चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदी येथे मिळतात आणि पुढे चिनाब होते. या दोन नद्यांच्या काठाकाठाने बौद्ध व हिंदू वस्ती पूर्वीपासून मिसळून राहिली आहे. मुख्य ठिकाण केलाँग, उंची सुमारे ३,०८० मीटर. मनालीहून तेथे जायचे तर मध्ये रोहतांगची खिंड आडवी, ३,९७८ मीटरची. रोहतांग या नावाचा अर्थ ‘प्रेतांचा ढीग’ असा सांगतात, आणि तो सांगणाऱ्यांना त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. नोव्हेंबरनंतर खिंड बंद झाली की घरी परतणाऱ्याला दोनच मार्ग उरत. एक, सरकारी हेलिकॉप्टरच्या यादीत नाव लावून हवामान निवळण्याची वाट पाहणे. दुसरा, पायी खिंड ओलांडणे. पायी जाणारे पहाटेच निघत, कारण दुपारनंतर वर वारा सुटतो. त्यांच्यासाठी मढी आणि कोकसर येथे बचाव चौक्या ठेवल्या जात. अडलेली बाळंतीण, शहरात शिकणारा मुलगा, आईच्या अंत्यविधीला निघालेला नोकरदार, या सर्वांचा प्रश्न एकच असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घटनेने दिलेला हक्क कागदावर सर्वांना सारखा असतो, पण तो बजावण्यासाठी माणसाला कोठेतरी पोहोचावे लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशाच्या बहुतेक भागात मतदान १९५२ च्या प्रारंभी झाले. हिमाचलातील चिनी व पांगी या तहसिलींत मात्र ते २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच उरकावे लागले. बर्फ पडल्यावर मतपेटी नेता आली नसती. शाळा आणि दवाखाना यांची तारीख अशी अलीकडे ओढता येत नाही.

खिंडीखालून बोगदा व्हावा, ही लाहौलच्या लोकांची जुनी मागणी. ताशी दावा आणि त्यांचे सहकारी १९९८ साली ती घेऊन पंतप्रधान वाजपेयींना भेटले. २००० साली केलाँगला घोषणा झाली, २०१० मध्ये बोगद्याची पायाभरणी झाली आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. मधली वर्षे खडकाने आणि सेरी नाल्याच्या झिरपणाऱ्या पाण्याने खाल्ली. आता मनालीकडून लाहौलात हिवाळ्यातही जाता येते. तरी बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता हिमकडे कोसळणाऱ्या उताराखालून जातो, त्यामुळे मोठ्या हिमवृष्टीनंतर तो काही काळ बंद ठेवावाच लागतो.

पण मोटारीतून उतरले म्हणजे घर आले असे नव्हे. रस्ता नदीकाठाने जातो, घरे वर उतारावर असतात, आणि खरी परीक्षा या शेवटच्या टप्प्याची आहे. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. कोरड्या डांबरावर रबरी टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, बर्फाच्या गुळगुळीत थरावर तो ०.१ पर्यंत उतरतो. म्हणजे दहास एक, जेमतेम सहा अंशांचा चढ असला तरी साध्या टायरची गाडी घसरू लागते. साखळ्या बांधतात त्या यासाठी. पायवाट नागमोडी असते तिचेही कारण हेच. रस्त्यापासून १५० मीटर उंचीवरचे घर दहास एक चढाने गाठायचे तर वाट दीड किलोमीटर लांब होईल! इतकी जमीन आणि इतके फावडे मारणारे हात कोणाकडे नसतात. म्हणून वाट उभीच राहते आणि माणूस जपून पाऊल टाकतो.

उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर हिमकडा सुटण्याचा धोका सर्वाधिक. जुन्या वस्त्या बहुधा अशा ओघळी टाळून वसल्या आहेत, परंतु घरी जाणारी वाट ओघळ ओलांडूनच जाते. यास्तव घर सुरक्षित असूनही घरी जाणारा सुरक्षित नसतो. ताजे बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबावे आणि मग ऊन चढण्यापूर्वी, थर गोठलेला असताना ओघळ पार करावी, हे तेथील शहाणपण. उन्हाची दिशाही पाहिली जाते. केलाँग दक्षिणेकडे तोंड करून आहे. भागेच्या पलीकडचे कारदंग, जेथे प्रसिद्ध गोम्पा आहे, ते सावलीच्या अंगाला. एकाच दरीत एका काठावर बर्फ वितळते आणि दुसऱ्या काठावर टिकून राहते. बर्फावर माती किंवा राख पसरली की काळपट थर ऊन शोषतो आणि बर्फ लवकर विरते. शेतकरी वसंतात शेतांवर हाच उपाय करतात.

तेथील जुनी घरे आपल्या खानदेश-मराठवाड्यातील धाब्याच्या घरांसारखी, लाकूड, काटक्या आणि माती यांच्या सपाट छपराची. त्यावरचे बर्फ वेळच्या वेळी ढकलावे लागते. ६ मीटर रुंद, १० मीटर लांब छपरावर अर्धा मीटर बर्फ म्हणजे ३० घनमीटर. ताजे भुसभुशीत असेल तर घनमीटरला सुमारे १०० किलो धरून ३ टन. दबलेले असेल तर त्याच्या तिप्पट.

मार्च १९७९ मध्ये लाहौलात हिमकडे कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याच हिवाळ्यात तेनझिन पाल्मो ही इंग्लंडमध्ये जन्मलेली भिक्षुणी तायुल गोम्पाच्या वरच्या अंगास, सुमारे ४,००० मीटर उंचीवर एका गुहेत एकटी साधना करीत होती. १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षे तिचे घर तेच. त्या वादळात गुहा पूर्ण गाडली गेली. दार आतल्या बाजूस उघडणारे होते म्हणून ते उघडता तरी आले. बाहेर उघडणारे असते तर बर्फाने दाबून धरले असते. पातेल्याच्या झाकणाने खणत, निघालेले बर्फ मागे गुहेतच टाकत ती बाहेर पडली.

विद्यार्थी मित्रांनी आता आपल्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजावी, वरील रीतीने त्यावरच्या अर्धा मीटर बर्फाचे वजन काढावे, आणि आपले दार कोणत्या बाजूस उघडते तेही पाहून ठेवावे.