खाडीतली तिवरं उपग्रहाला दिसतात का?

प्रश्न : आमच्या खाडीत भराव पडला की वर्षा-दोन वर्षांत मागची तिवरं वाळतात. तक्रार केली तर ‘इथे आधी झाडं होतीच कुठे?’ असं ऐकावं लागतं. इंटरनेटवरच्या नकाशांचा उपयोग होईल का? – एक वाचक, उरण

उत्तर : नक्की होईल, आणि पैसेही पडणार नाहीत. ‘गूगल अर्थ’वर तुमची खाडी शोधा आणि जुन्या तारखांची चित्रं एकेक करून उघडा. तारीख महत्त्वाची, कारण कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, तोडायला आणि त्यात राडारोडा टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजीच बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरांतली बांधकामाची मनाईही कायम केली, मग जमीन कुणाचीही असो.

पण आमराईही हिरवी दिसते, मग कांदळवन वेगळं कसं ओळखतात? उपग्रह डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपतो. त्यातले काही किरण पाण्यात शोषले जातात. तिवरांखालचा चिखल कायम ओला, त्यामुळे तो भाग कोरड्या रानापेक्षा गडद येतो. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा! मात्र ही चित्रं २०१५ पासूनचीच. त्याआधीचं पाहायला ‘लँडसॅट’ आहे, पण त्याचा ठिपका सुमारे नऊ गुंठ्यांचा. पावसाळ्यात ढगांमुळे दोन्ही निरुपयोगी. तेव्हा ढगांपलीकडचं पाहणारं रडार कामी येतं. ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’ या संकेतस्थळावरचे १९९६ पासूनचे बदल अशाच रडार-चित्रांवर आधारलेले आहेत.

आता तुमच्या मुद्द्याचं. झाडं वाळेपर्यंत थांबू नका. भरावाने भरतीचं पाणी अडतं, तिवरांची वर आलेली श्वासमुळं मातीखाली गुदमरतात, पण पानं काही काळ हिरवीच राहतात. चित्रात आधी दिसते ती भरावाची सरळ रेघ. खाडी अशी सरळ कधी वाहत नाही. भरतीच्या वेळच्या चित्रात त्या रेघेमागे पाणी दिसत नसेल, तर तेव्हाच तक्रार करा. या टप्प्यावर बांध फोडून पाणी आत घेतलं तर झाडं वाचू शकतात. मला हाच या नकाशांचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो. तुटल्यानंतरचा हिशेब कुणीही मांडेल.

तुलना करताना भरतीचं चित्र भरतीशी आणि ओहोटीचं ओहोटीशीच लावा. नाहीतर पाण्याखाली गेलेली रोपं ‘तोडली’ असं वाटेल आणि तुमची खरी तक्रारही खोटी ठरेल. ‘महाभूनकाशा’ या जमिनीच्या नकाशांच्या संकेतस्थळावरून गट क्रमांक काढून चित्रासोबत जोडा आणि अर्ज वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे व तहसीलदारांकडे द्या. नाल्याकाठच्या चार-पाच मीटर रुंदीच्या पट्ट्या मात्र गुंठ्याच्या ठिपक्यात हरवतात. त्यांचे फोटो मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून आताच काढून ठेवा.