विद्यापीठाचे नभोवाणी केंद्र : परवान्याआधीचा निर्णय

दिल्लीच्या उत्तर भागात दिल्ली विद्यापीठ आणि दक्षिणेस ओखला परिसरात जामिया मिल्लिया इस्लामिया ही दोन केंद्रीय विद्यापीठे आहेत. दोन्ही विद्यापीठांची स्वतःची नभोवाणी केंद्रे असून ती ९०.४ मेगाहर्ट्झ या एकाच लहरपट्ट्यावर सुरू झाली. जामियाचे केंद्र २००६ मध्ये आणि दिल्ली विद्यापीठाचे २००७ मध्ये. एकाच शहरात, एकाच लहरपट्ट्यावर दोन केंद्रे कशी चालू शकतात, या प्रश्नाच्या उत्तरातच सामुदायिक नभोवाणीचे मर्म आहे. या केंद्रांची शक्ती मुद्दामच कमी ठेवलेली असते. त्यांचा आवाज संपूर्ण शहरासाठी नसून, प्रक्षेपकाभोवतीच्या वस्तीसाठी असतो.

असे केंद्र सुरू करण्यास परवानगी देण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. परंतु परवानगी मागावी की नाही, मागितल्यास कोणत्या हेतूने आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे विद्यापीठाच्या नियामक मंडळाला आधी ठरवावे लागते. राज्यव्यवस्था, माध्यमे आणि विकास या तिन्ही घटकांच्या दृष्टीने हा निर्णय अभ्यासण्याजोगा आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ३१ व्या क्रमांकाच्या नोंदीत टपाल, दूरध्वनी, बिनतारी संदेशवहन आणि प्रसारण हे विषय येतात. शिक्षण हा विषय मात्र ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) समवर्ती सूचीत आला. त्यामुळे विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले असले, तरी त्याला प्रसारणासाठी केंद्राकडेच अर्ज करावा लागतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’ या केंद्रालाही हाच नियम लागू होतो.

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने बिनतारी संदेशवहनावर सरकारचा अनन्य अधिकार प्रस्थापित केला होता. स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके नभोवाणी म्हणजे आकाशवाणी असेच समीकरण राहिले. या स्थितीला कलाटणी मिळाली ती ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. माहिती व प्रसारण मंत्रालय विरुद्ध क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला. मूळ वाद १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा होता. निकालाचा परिणाम मात्र क्रिकेटपुरता राहिला नाही. न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या या खंडपीठाने अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संबंध श्रोत्यांच्या व प्रेक्षकांच्या माहिती मिळविण्याच्या हक्काशी जोडला. लहरी मर्यादित आहेत, म्हणून त्यांचे नियमन आवश्यक आहे. परंतु त्यांवर सरकारची किंवा अन्य कोणाचीही मक्तेदारी असू नये, असा या निकालाचा आशय आहे.

तार अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला असून त्याची अंमलबजावणी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. कायदा बदलला, तरी लहरींच्या वापरासाठी केंद्राची अनुमती लागते हे तत्त्व कायम आहे.

धोरणाची वाटचाल

१९९५ च्या निकालानंतर लाभ प्रथम झाला तो खाजगी व्यावसायिक एफएम वाहिन्यांना. लिलावातून परवाने घेतलेली खाजगी केंद्रे २००१ पासून सुरू झाली. समाजगटांच्या नभोवाणीची मागणीही त्याच काळात पुढे येत होती. १९९६ मधील बंगळूर घोषणापत्र आणि २००० मधील पस्तापूर येथील विचारविनिमय हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत.

डिसेंबर २००२ मध्ये सरकारने सुस्थापित शैक्षणिक संस्थांना नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा देणारे धोरण स्वीकारले. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ हे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. दिल्लीत भारतीय जनसंचार संस्थेचे ‘अपना रेडिओ’ आणि जामियाचे केंद्र या धोरणाखाली उभे राहिले. त्यावेळी या केंद्रांची ओळख प्रामुख्याने ‘कॅम्पस रेडिओ’ अशीच होती.

नोव्हेंबर २००६ मध्ये मंत्रिमंडळाने धोरण व्यापक केले. किमान तीन वर्षे समाजकार्य केलेल्या नोंदणीकृत संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विद्यापीठे यांनाही त्यात स्थान मिळाले. तेलंगणातील ‘संगम रेडिओ’ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ ही केंद्रे २००८ मध्ये सुरू झाली ती या बदलामुळेच. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था मात्र अपात्र ठरविण्यात आल्या.

या बदलाचा विद्यापीठांवरही परिणाम झाला. केंद्र विद्यापीठाचे असले, तरी ते ‘सामुदायिक’ असले पाहिजे, म्हणजेच किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, अशी अट आली.

अर्जाची प्रक्रिया

२००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यापीठांसाठी तुलनेने सुलभ मार्ग ठेवण्यात आला. इतर अर्जदारांना गृह, संरक्षण आदी मंत्रालयांची संमती लागते. विद्यापीठे व सरकारी शैक्षणिक संस्थांसाठी माहिती व प्रसारण सचिवांच्या अध्यक्षतेखालील आंतरमंत्रालयीन समितीमार्फत एक खिडकी पद्धतीची तरतूद करण्यात आली. प्रक्रियेचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे :

१. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज. २००६ च्या तत्त्वांत यासाठी २,५०० रुपये शुल्क होते.
२. दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून लहरपट्ट्याची निश्चिती आणि त्यानंतर इरादापत्र.
३. प्रक्षेपण मनोऱ्याच्या जागेस स्थायी सल्लागार समितीची मान्यता. विमानवाहतूक व अन्य बिनतारी सेवांना अडथळा होणार नाही, हे यात पाहिले जाते.
४. मंत्रालयाशी अनुमती करार. २००६ च्या तत्त्वांत त्यासोबत २५,००० रुपयांची बँक हमी अपेक्षित होती.
५. बिनतारी केंद्र चालविण्याचा परवाना आणि प्रत्यक्ष प्रसारण.

प्रक्षेपकाची परिणामकारक शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॉट आणि मनोऱ्याची उंची जास्तीत जास्त ३० मीटर असते. विद्यापीठाने प्रक्षेपक आपल्या मुख्य परिसरातच उभारावा, असे बंधन आहे. अनुमती दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करता येत नाही. अटींचा भंग झाल्यास ती स्थगित किंवा रद्द होऊ शकते.

निर्णय कोणाचा?

अर्जाची कल्पना बहुधा एखाद्या विभागातून येते. जामियामध्ये १९८२ मध्ये स्थापन झालेले जनसंज्ञापन संशोधन केंद्र होते. प्रशिक्षित अध्यापक, विद्यार्थी आणि ध्वनिमुद्रणाचा अनुभव त्या विद्यापीठाकडे आधीच होता. परंतु अनुमती विभागाला मिळत नाही. करार विद्यापीठाशी होतो. त्यामुळे दायित्वही संपूर्ण विद्यापीठाचे असते.

दिल्ली विद्यापीठ १९२२ च्या कायद्याने, तर जामिया १९८८ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठ म्हणून कार्य करते. दोन्हीकडे कार्यकारी परिषद ही प्रशासन, मालमत्ता व वित्त यांची जबाबदारी सांभाळणारी मुख्य संस्था आहे. जामियामध्ये तिला ‘मजलिस-ए-मुंतजिमा’ म्हणतात. अभ्यासविषयक बाबी विद्वत परिषदेकडे, तर खर्चाची छाननी वित्त समितीकडे असते. महाराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कार्यकारी व धोरणात्मक निर्णयाचे स्थान व्यवस्थापन परिषदेकडे आहे. अधिसभा, विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद यांतील हा फरक परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावा.

परिषदेपुढील खरे प्रश्न

पहिला प्रश्न, समुदाय कोणता? याचे उत्तर भूगोलच देतो. १०० वॉटच्या केंद्राची पोहोच साधारणतः ५ ते १० किलोमीटर मानली जाते. ५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस किलोमीटर भरते. २०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ११,३२० होती. म्हणजे सरासरीने या वर्तुळात सुमारे ८ लाख ९० हजार लोक येतात. सातारा जिल्ह्याची घनता त्याच जनगणनेत २८७ होती. तेथे तेवढ्याच वर्तुळात सुमारे साडेबावीस हजार लोक असतील. उंच इमारतींमुळे शहरात लहरींना अडथळे येतात आणि प्रत्यक्ष श्रोते यापेक्षा पुष्कळच कमी असतात, हे खरे. तरीही या आकडेमोडीतून एक गोष्ट स्पष्ट होते : दिल्लीतील विद्यापीठाच्या प्रक्षेपकाच्या टप्प्यात विद्यार्थ्यांपेक्षा विद्यार्थी नसलेले लोक कितीतरी अधिक असतात.

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराजवळ मुखर्जी नगर आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून आलेले तरुण तेथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. तिमारपूर, वजिराबाद यांसारख्या वस्त्याही जवळच आहेत. जामियाच्या भोवती बाटला हाऊस, जाकिर नगर ही दाट वस्ती आहे. यांपैकी बहुतेकांचा विद्यापीठाशी कागदोपत्री संबंध नाही. त्यांना केवळ श्रोते मानायचे की कार्यक्रमाचे कर्तेही मानायचे, यावर केंद्राचे स्वरूप ठरते. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेले कार्यक्रम कितीही दर्जेदार असले, तरी धोरणाची अट त्यांनी पूर्ण होत नाही.

दुसरा प्रश्न, खर्च कोण सोसणार? यंत्रसामग्री एकदा अनुदानातून घेता येते. परंतु तंत्रज्ञ, वीज, दुरुस्ती आणि वार्षिक लहरशुल्क हे दरवर्षीचे खर्च असतात. २०१२ मध्ये हे शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपयांवर नेण्यात आले तेव्हा देशभरातील केंद्रचालकांनी तीव्र विरोध केला आणि वाढ मागे घ्यावी लागली. छोट्या केंद्राचे अर्थकारण किती नाजूक असते, हे त्यावरून दिसते. जाहिरातींसाठी २००६ मध्ये तासाला ५ मिनिटांची मर्यादा होती. पुढे ती ७ मिनिटांवर आणि फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार १२ मिनिटांवर नेण्यात आली. सवलत वाढली, तरी उत्पन्नाचे साधन म्हणून परिषदेने केंद्राकडे पाहू नये. कारण अनुमतीचा पायाच ना-नफा हा आहे.

तिसरा प्रश्न, सातत्य कसे राखणार? विद्यार्थी दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात आणि कुलगुरूंचा कार्यकाळही मर्यादित असतो. अनुमतीचा प्रारंभिक कालावधी आधी ५ वर्षांचा होता. २०२४ मध्ये तो १० वर्षांचा करण्यात आला. म्हणजे आज अर्ज मंजूर करणाऱ्या परिषदेपेक्षा केंद्राचे आयुष्य दीर्घ असणार. कायम कर्मचारी आणि स्वतंत्र अर्थसंकल्पीय शीर्ष यांशिवाय घेतलेला ठराव पुढील परिषदेवर केवळ ओझे टाकतो.

चौथा आणि सर्वांत अवघड प्रश्न, काय बोलता येईल? सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडींवरील कार्यक्रम प्रसारित करण्यास २००६ च्या तत्त्वांनी मनाई केली. पुढे आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी देण्याची मुभा मिळाली. आकाशवाणीची कार्यक्रम संहिता या केंद्रांनाही लागू असते आणि प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. या बंधनांमुळे सीमारेषेचा प्रश्न उभा राहतो. वस्तीत पाणी किती वाजता येणार, ही नागरी माहिती झाली. पाणी का येत नाही, ही चर्चा कोठे मोडते? या बंदीचे समर्थक, शेकडो छोट्या केंद्रांवर देखरेख ठेवणे कठीण असल्याचे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण देतात. टीकाकार १९९५ च्या निकालाकडे बोट दाखवून, वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला असलेले स्वातंत्र्य नभोवाणीला का नाही, असे विचारतात. दोन्ही बाजू मांडल्याविना या विषयावरील उत्तर परिपूर्ण होत नाही.

विद्यापीठापुढे यातून दुहेरी धोका राहतो. केंद्र मोकळे सोडले तर अनुमती गमावण्याची भीती; फार आवळले तर ते कुलगुरूंच्या भाषणांचे आणि परिपत्रकांचे ध्वनिक्षेपक होण्याची भीती. यावर उपाय म्हणजे समुदायाचे प्रतिनिधित्व असलेली सल्लागार व आशय समिती. २०२४ च्या सुधारणांनुसार या समितीत निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे. ही समिती ठरावातच निश्चित व्हावी. केंद्र सुरू झाल्यानंतरची औपचारिकता म्हणून नव्हे.

पुण्याचा जुना धडा

नभोवाणीतून विकास साधता येतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १५० गावांत ग्रामीण नभोवाणी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय आढळली. ऐकण्याला चर्चेची आणि चर्चेला कृतीची जोड मिळाली, हे त्या यशाचे कारण होते. तेथे प्रक्षेपक दूर होता आणि श्रोते गावात होते. विद्यापीठाच्या केंद्रात प्रक्षेपक व श्रोते शेजारीशेजारी आहेत; त्यांच्यात अंतर आहे ते फक्त परिसराच्या भिंतीचे.

समारोप

२००४ च्या प्रारंभी देशात असे एकच केंद्र होते. २०२४ च्या प्रारंभी त्यांची संख्या ४८१ वर पोहोचली. संख्यावाढीइतकेच केंद्राच्या अंतर्गत रचनेला महत्त्व आहे. लहरी जर सार्वजनिक संपत्ती असतील, तर विद्यापीठ हे तिचे मालक ठरत नाही, विश्वस्त ठरते. म्हणूनच नियामक मंडळाने अर्जाला मान्यता देताना ‘केंद्र हवे का’ एवढेच विचारून थांबू नये. भिंतीबाहेरच्या नागरिकाला ध्वनिक्षेपकापर्यंत कोणत्या वाटेने येता येईल, हे त्या ठरावात लिहिलेले असावे. ते लिहिलेले असेल, तरच १०० वॉटचे ते केंद्र खऱ्या अर्थाने सामुदायिक म्हणता येईल.

सरावासाठी प्रश्न

१. प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, या न्यायालयीन भूमिकेचा सामुदायिक नभोवाणीच्या धोरणावर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. २००२ आणि २००६ च्या धोरणांतील फरक सांगून, विद्यापीठांच्या नभोवाणी केंद्रांवर त्यामुळे कोणती नवी जबाबदारी आली ते लिहा.
३. सामुदायिक नभोवाणीवरील बातम्यांच्या बंदीचे दोन्ही बाजूंनी परीक्षण करा.