मुक्ताला पत्र: ब्लॅकलेटरविषयी

चि. मुक्ता,


मित्रांच्या बँडच्या पोस्टरसाठी तू ब्लॅकलेटर निवडलंस हे मला मनापासून आवडलं. मोटरहेडपासून कितीतरी बँडनी आपलं नाव याच काळ्या, टोकदार वळणात लिहिलं आहे. पण तू नाव सगळं कॅपिटलमध्ये घेतलंस, वर अक्षरं लांब लांब मांडलीस, आणि वळणाचा सगळा जोर गेला.

रुंद टोकाची लेखणी तिरकी धरून ओढलेले उभे फटकारे, हा या अक्षरांचा जीव. टेक्स्टुरा या जुन्या प्रकारात फटकारा जेवढा जाड, जवळजवळ तेवढीच त्याच्या शेजारची पांढरी जागा. अक्षराच्या पोटातही तेवढीच, दोन अक्षरांमध्येही तेवढीच. तू बोरूने देवनागरी गिरवली आहेस. लेखणीचा कोन काय करतो ते तुला वेगळं सांगायला नको. गुटेनबर्गने 1455च्या सुमारास माइन्त्समध्ये याच वळणात बायबल छापलं तेव्हा त्याने सुमारे 290 वेगवेगळे खिळे पाडले होते. एकाच अक्षराचे कमी-जास्त रुंदीचे खिळे, जोडून ओतलेली अक्षरं, संक्षेपाच्या खुणा. शब्दांमध्ये भोकं न पाडता ओळ भरावी, यासाठी एवढा खटाटोप! तेव्हा ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, आधी शून्यावर आण, मग थोडं उणे करून बघ.

कॅपिटल अक्षरं इथे शब्दाच्या आरंभी एकट्याने मिरवायची असतात. त्यांचे फाटे आणि दुहेरी रेघा शेजारी शेजारी आल्या की नाव कुणालाच वाचता येत नाही. पहिलं अक्षर कॅपिटल ठेव, बाकी सगळी लोअरकेस.

ब्लॅकलेटरचा फ्राक्टुर हा प्रकार मात्र घेऊ नकोस. सोळाव्या शतकाच्या आरंभी सम्राट मॅक्सिमिलियनच्या आश्रयाने घडलेलं ते वळण सुंदर आहे, पण त्याच्या लपेटी तुझ्या चार अक्षरी नावाला जड होतील.

एक गोष्ट बँडच्या मुलांनाही सांग. ही अक्षरं पाहून अनेकांना नाझी आठवतात. खरं तर जर्मनीत ती शतकानुशतकं रोजच्या वाचनाची अक्षरं होती, आणि जानेवारी 1941 मध्ये नाझींनीच ती ‘ज्यूंची’ ठरवून बंद केली. आरोप धादांत खोटा होता, आणि ते परिपत्रक ज्या कागदावर निघालं त्याच्या माथ्यावर हीच अक्षरं छापलेली होती. पण पोस्टर पाहणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो. लाल-पांढरा-काळा रंगमेळ त्याला थेट तिकडेच नेईल, म्हणून तो आजच बदल. गडद हिरवा किंवा पिवळा घे. पोस्टरवरचं क्रॉसचं चिन्हही त्याच कारणासाठी काढून टाक.

तारीख, ठिकाण आणि तिकिटाचा दर साध्या रोमन अक्षरांत लाव. ब्लॅकलेटर फक्त नावाला. नवा नमुना स्क्रीनवरचा नको, ए-थ्रीवर छापून पाठव.

तुझा,
मामा