टिटवीची हाक

वारकरी माउलींनो, टिटवीचं नाव निघालं की कीर्तनात एकच कथा निघते, ती पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातली, मित्रभेदातली. समुद्रकाठी अंडी घालू नयेत असं टिटवी नवऱ्याला सांगत होती. त्यानं ऐकलं नाही. (बायकोचं ऐकायचं नाही ही खोड जुनीच!) समुद्रानं अंडी नेली. मग सारे पक्षी गरुडाकडे गेले, गरुडानं भगवंताच्या कानी घातलं आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. कथा सांगून आम्ही बुवालोक पुढच्या चरणाला लागतो. टिटवी प्रत्यक्षात कशी नांदते, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आपल्या मुलखात नेहमी दिसतात त्या २ जाती. एक डोळ्यापुढे तांबडी कातडी असलेली, ओढ्यातळ्याकाठची. दुसरी माळटिटवी. हिची ती कातडी पिवळी, पायही पिवळे, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली पांढरी रेघ. कूळ पाणथळीत चालणाऱ्या पक्ष्यांचं, पण बिऱ्हाड कोरड्या उघड्या माळावर. भुंगे, वाळवी, किडे हा तिचा आहार.

घरटं म्हणाल तर जमिनीत जरासा खळगा, फार तर भोवती चार खडे. त्यात बहुधा ४ अंडी, मातकट, काळसर ठिपक्यांची. हातभर अंतरावरूनही ती दगडांतून निवडता येत नाहीत. वैशाखात माळ तव्यासारखा तापतो. अशा वेळी ऊब देण्यापेक्षा अंडी भाजू न देणं हेच मोठं काम होऊन बसतं. नर-मादी आळीपाळीनं त्यांवर सावली धरतात. पाणी सापडेल तिथं जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसतात. सुमारे ४ आठवडे हे चालतं. पिलू अंड्यातून निघालं की थोड्याच वेळात चालू लागतं आणि आईबापांनी इशारा दिला की भुईला चिकटून निपचित पडतं.

कुणी जवळ आलं की टिटवी आक्रोश करीत डोक्यावर घिरट्या घालते. कधी पंख मोडल्याचं सोंग करून माणसाला भलतीकडे नेते.

हाच आक्रोश ऐकून आपले लोक म्हणतात, टिटवी ओरडली, आता कुणीतरी जाणार! आणि दगड उचलतात. पाठशाळेत आम्ही पंचतंत्र घोकलं. त्या कथेत टिटवी कुठंही अशुभ नाही. जिच्या अंड्यांसाठी भगवंत धावला, तिला अपशकुनी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आज तिचा समुद्र निराळा आहे. ‘पडीक’ म्हणून माळ नांगरला जातो, त्यावर गाड्या फिरतात, मेंढरांचे खूर पडतात. विणीचा काळ चैत्रापासून कधी आषाढापर्यंत लांबतो, म्हणजे वारीच्या दिवसांतही पिलं माळावर असू शकतात. लोणंद-फलटणच्या पुढे माळावर विसाव्याला उतरताना टिटवी डोक्यावर फिरू लागली, तर पायाखाली पाहून, आल्या वाटेनं मागं सरावं आणि पथारी पलीकडे टाकावी. आपण दूर गेलो की ती लगेच खाली उतरते.