रपेटीतील रीतभात

मैदानावरील अश्वारोहणास पंच असतात. उडीच्या स्पर्धेत घोड्याच्या खुराने अडथळ्याची एक दांडी खाली पडली, तर स्वाराच्या नावे चार दोष मांडले जातात. रपेटीला निघालेल्या स्वाराचे दोष मात्र कोणी मांडून ठेवीत नाही. चार-सहा स्वारांनी सकाळच्या प्रहरी गावाबाहेरच्या वाटेने दोन तास हिंडून यावे, एवढेच रपेटीचे स्वरूप. तीत शर्यत नसते आणि पारितोषिकही नसते. त्यामुळे अनेक नवशिक्यांची अशी समजूत होते की, येथे नियमही नसावेत. अनुभवी स्वाराचे मत याच्या उलट असते. ज्याच्याबरोबर एकदा रपेट केली, त्याच्याबरोबर पुन्हा जावे की नाही, हे तो त्याच्या बैठकीवरून ठरवीत नाही. वाटेवर तो इतरांशी कसा वागला, यावरून ठरवितो.

घोडेस्वारीतील शिष्टाचार म्हणजे साहेबी थाटाचा एक भाग, असेही पुष्कळांना वाटते. उंच बूट, हातमोजे आणि विशिष्ट घाटाची टोपी यांच्या पंक्तीला ते या रीतींनाही बसवितात. हा गैरसमज आहे. पोशाखाच्या चाली देशकालाप्रमाणे बदलतात. रपेटीच्या रीती घोड्याच्या स्वभावातून निघालेल्या असल्यामुळे त्या कोठेही फारशा बदलत नाहीत. घोडा हा कळपात राहणारा आणि संकट दिसताच पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळविता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. केवळ शेपटीच्या थेट मागचा आणि कपाळाच्या अगदी पुढचा थोडासा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. कान तो स्वतंत्रपणे हव्या त्या दिशेला फिरवू शकतो. अशा प्राण्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाने केलेली आगळीक त्याच्यापुरती राहत नाही. एक घोडा उधळला की इतर घोडे कारण विचारीत नाहीत. तेही पळू लागतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्याच रीतीचा अर्थ उलगडतो. सर्व मंडळी खोगिरावर नीट बसेपर्यंत कोणीही पुढे निघू नये. एखाद्याचा एक पाय रिकिबीत आणि दुसरा जमिनीवर असताना सोबतचे घोडे चालू लागले, तर त्याचा घोडाही कळपाबरोबर निघतो आणि तो मनुष्य एका पायावर फरफटत जातो. वाटेत कोणाचा तंग सैल झाला किंवा कोणाला उतरावे लागले, तरी हाच नियम. पाच मिनिटे थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही. तरीसुद्धा ‘तुम्ही या मागून’ असे सांगून निघून जाणारे महाभाग प्रत्येक पागेत असतातच.

दोन घोड्यांमधील अंतराविषयी फार कटाक्ष बाळगावा लागतो. नाकापासून शेपटीपर्यंत घोड्याची लांबी सुमारे आठ फूट असते. निदान तेवढी जागा मधे मोकळी असली पाहिजे. ती मोजण्याची सोपी खूण अशी की, आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पाहिले असता पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचा दिसाव्यात. त्या दिसेनाशा झाल्या म्हणजे आपण लाथेच्या टप्प्यात आलो असे समजावे. मागून कोणीतरी अंगाशी आले आहे, एवढेच पुढच्या घोड्याला कळते. तो मित्र आहे की शत्रू, हे त्या आंधळ्या कोपऱ्यात त्याला दिसत नाही. त्याने कान मागे पाडले, शेपूट झटकली की स्वाराने लगाम आवरावा. अशा वेळी झाडलेली लाथ बहुधा मागच्या घोड्याला न लागता त्याच्या स्वाराच्या नडगीवर बसते.

लाथा झाडण्याची खोड असलेल्या घोड्याच्या शेपटीस तांबडी फीत बांधण्याची इंग्लंडमधील शिकारी स्वारांची चाल आता इतर देशांतही रुळली आहे. कोवळ्या, अननुभवी घोड्यास हिरवी फीत बांधतात. चाल उत्तम आहे, परंतु तिचा अर्थ काही जण सोयीस्कर लावतात. फीत बांधली की आपली जबाबदारी संपली आणि दूर राहणे हे इतरांचे काम, असे त्यांना वाटते. खरे पाहता फीत ही कबुली आहे. जो ती बांधतो त्याने रांगेच्या शेवटी राहावे, अरुंद जागी घोड्याचे तोंड इतरांकडे वळवून उभे राहावे आणि इतरांस जाऊ द्यावे.

चाल बदलण्यापूर्वी पुढच्या स्वाराने मागे वळून विचारावे आणि सर्वांचा होकार आल्यावरच दुडकी किंवा दौड धरावी. येथे होकाराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नवशिका मनुष्य संकोचाने ‘हो’ म्हणतो. त्याच्या मुठी आवळल्या आहेत, खांदे वर चढले आहेत, हे पाहून पुढाऱ्याने आपल्या मनानेच कदमचालीवर राहणे पसंत करावे. मंडळीतील सर्वांत कच्च्या स्वाराला आणि सर्वांत भित्र्या घोड्याला जी गती झेपते, ती साऱ्या मंडळीची गती होय. उत्तम स्वारास हे कंटाळवाणे वाटेल. ज्याला दौडीची हौस असेल त्याने दुसऱ्या दिवशी एकट्याने मैदानावर जावे. दुसऱ्याच्या बाजूने अचानक भरधाव निघून जाणे, हा तर रपेटीतील सर्वांत मोठा अपराध मानला जातो, कारण त्याचे प्रायश्चित्त मागे राहिलेल्याला भोगावे लागते.

आतापर्यंत स्वारांच्या आपसातील वागणुकीचा विचार झाला. वाट मात्र केवळ स्वारांची नसते. महाराष्ट्रात हे पाहण्यास माथेरानसारखे दुसरे ठिकाण नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या डोंगरावर वस्तीची सुरुवात केली. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटारींना मात्र दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जाव राहिला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद आणि २०२२ पासून सुरू झालेल्या विजेवरच्या रिक्षा सोडल्या, तर येथली वाहतूक पायी चालणारे, हातगाड्या आणि घोडे यांचीच. तांबड्या जांभ्या मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या या वाटा पॅनोरमा, लुईझा, एको अशा टोकांकडे जातात. काही ठिकाणी एका अंगाला चढ तर दुसऱ्या अंगाला खोल दरी असते. सुटीच्या दिवशी या वाटांवर लहान मुले, वृद्ध, भुट्टे खात चाललेली कुटुंबे आणि खाण्यावर टपलेली माकडे, अशी सारीच गर्दी असते, आणि तिच्यामधून घोडे जातात.

अशा वाटेवर समोर किंवा पुढे पायी चालणारी माणसे दिसली की घोडा कदमचालीवर आणावा, आणि जवळ पोहोचण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे. ‘नमस्कार’, ‘मागून घोडा येतो आहे’, ‘सावकाश, घाई नाही’, काहीही चालेल. हे केवळ सभ्यतेचे बोलणे नव्हे. उघडी छत्री, पाठीवरचे मोठे गाठोडे किंवा झाडाआड स्तब्ध उभी असलेली आकृती पाहून घोडा बुजतो, कारण ती वस्तू काय आहे हे त्याला उमगत नाही. त्या आकृतीने उत्तर दिले, की तो ओळखीचा मनुष्यस्वर ऐकून घोड्याची मान खाली येते. म्हणजे नमस्काराची गरज पादचाऱ्यास जितकी, तितकीच घोड्यालाही असते. वाट अरुंद असेल तर पादचाऱ्यांना डोंगराच्या अंगाला उभे राहू द्यावे. त्यांना दरीच्या कडेला सरकावयास लावून मधून घोडा नेणे हा निव्वळ निष्ठुरपणा होय. घोडा बुजला म्हणजे त्याचे ढुंगण कोणत्या बाजूस वळेल, याची हमी निष्णात स्वारही देऊ शकत नाही. दोन स्वार समोरासमोर आले, तर ज्याच्या बाजूला जागा अधिक त्याने थांबावे. चढणीचा मान की उतरणीचा, हा वाद तेथे घालू नये.

माथेरानच्या पाहुण्यास आणखी एका माणसाचे भान ठेवावे लागते, आणि तो म्हणजे घोडेवाला. भाड्याचा घोडा हे कित्येक कुटुंबांचे उत्पन्नाचे साधन आहे. पाय मुरगळून घोडा हंगामात आठ दिवस बसला, तर पाहुण्याची सहल संपलेली असते, परंतु घोडेवाल्याचे घर अडते. पावसात निसरड्या झालेल्या उतारावर किंवा गुळगुळीत फरसबंदीवर, छायाचित्रासाठी, घोडा दौडविण्याचा हट्ट धरणे म्हणूनच अशिष्टपणाचे. या वाटेवर कोणती चाल धरावी, हे घोडेवाल्यास विचारावे आणि तो म्हणेल ते ऐकावे. आपल्या वजनाविषयी त्याने संकोचत काही सांगितले, तर त्यात अपमान मानू नये. चांगला स्वार चढणीवर खोगिरातून किंचित पुढे झुकून घोड्याच्या पाठीचा भार हलका करतो. ज्याला ते येत नाही, त्याने निदान लगामाला लोंबकळू नये.

मोटारी नसलेला डोंगर हा अपवाद झाला. बहुतेक शहरांभोवती रपेटीच्या जुन्या वाटा रस्त्यांनी गिळल्या आहेत. बंगळुरूच्या वायव्येस तुमकूर रस्त्याच्या दुतर्फा पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र पाहावे. हजारो लहानमोठे कारखाने, मालमोटारींच्या रांगा, उड्डाणपूल, अखंड भोंगे. याच रस्त्याने पुढे नेलमंगलाहून फाटा घेतला की कुणिगल लागते, जेथे टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांची पैदास होत आली आहे. घोड्यांचे गाव आणि यंत्रांची वसाहत एकाच दिशेला असावीत, हा योगायोग मोठा बोलका आहे. पीण्यासारख्या ठिकाणी हौसेने घोडा घालू नये; तेथे कोणताही शिष्टाचार पुरा पडत नाही. परंतु एका माळावरून दुसऱ्या माळाकडे जाण्यास थोडाफार डांबरी रस्ता ओलांडावाच लागतो, आणि तेथे चालकाशी गाठ पडते.

भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात याविषयी एक तरतूद आहे, जी फार थोड्या चालकांस आणि त्याहून थोड्या स्वारांस ठाऊक असते. जनावर बिथरले आहे किंवा वाहनामुळे ते बिथरेल, अशी भीती वाटून ते सांभाळणाऱ्या माणसाने थांबण्यास सांगितले, तर चालकाने वाहन थांबविले पाहिजे, असे कलम १३२ मध्ये म्हटले आहे. ब्रिटनच्या वाहतूक-नियमावलीत २०२२ च्या सुधारणेनुसार घोड्याजवळून जाताना ताशी दहा मैलांहून कमी वेग आणि निदान दोन मीटर अंतर ठेवण्याची सूचना आहे. कायदा स्वाराच्या बाजूचा असला, तरी स्वाराने त्याचा उपयोग दरडावण्यासाठी करू नये. हात उंचावून वेग कमी करण्याची खूण करावी आणि चालकाने ती मानली की हात कपाळाशी नेऊन त्याचे आभार मानावेत. दोन्ही हात लगामात गुंतले असतील तर मान लववून हसावे. ज्या चालकाला आज कोणी धन्यवाद दिले नाहीत, तो उद्या दुसऱ्या स्वारासाठी वेग कमी करणार नाही.

शेतकऱ्याशी असलेला स्वाराचा संबंध मात्र मोटारीपेक्षा फार जुना आहे, आणि मराठी मुलखाला त्याचा एक असाधारण दाखला लाभला आहे. इ. स. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूण भागात छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदारांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून एक पत्र गेले. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण जपून वापरावा. तो आधीच उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग माणसे कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला उचलू लागतील. तसे झाले तर रयतेला मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे. पुढे गवताच्या गंजीजवळ विस्तव नेण्याविषयी, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत बारकाईने बजावले आहे. घोडेस्वाराचे बळ शस्त्रात जितके, तितकेच घोड्याच्या भुकेत आणि खुरातही असते, आणि ते प्रथम शेतकऱ्यावर कोसळते, हे त्या पत्र लिहविणाऱ्याने ओळखले होते.

आजच्या रपेटीस निघालेल्या स्वाराला कोणाची वैरण उचलावयाची नसते. तरीही साडेतीनशे-चारशे किलोंचा घोडा आणि वर स्वार, एवढा भार चार खुरांवर पडतो. पावसानंतर ओल्या बांधावरून सहा घोडे एकामागून एक गेले, की बांध खचतो आणि पुढच्या सरीत पाणी तेथूनच फुटते. म्हणून बांध टाळून बैलगाडीची वाट धरावी. उभ्या पिकात कधीही शिरू नये. कापणी झालेल्या रानातून जायचे असले, तरी मालकास विचारावे. फाटक किंवा कुंपणाची झापी ज्या स्थितीत आढळली त्याच स्थितीत मागे ठेवावी; ती बंद करणारा पुन्हा खोगिरावर बसेपर्यंत पुढील सर्वांनी थांबावे. गुरांच्या कळपाजवळून कदमचालीनेच जावे. गुराख्यास नुकतीच वळवून आणलेली गुरे चौखूर उधळताना पाहणे सोसत नाही.

ओढ्यावर पाणी पाजताना एक रीत आहे, तिचा विसर फार जणांना पडतो. ज्याचा घोडा प्रथम तृप्त होतो तो लगेच काठ चढून निघतो. त्याच्या पाठोपाठ तहानलेला घोडाही पाण्यातून तोंड वर काढतो आणि कळपामागे जातो. मागे राहण्याच्या भयापुढे त्याला तहान सुचत नाही. म्हणून शेवटच्या घोड्याने आपणहून मान वर करेपर्यंत सर्वांनी पाण्यातच उभे राहावे.

परतताना घोड्यांना पागेचा वास येऊ लागतो आणि ते आपोआप घाई करू लागतात. शेवटचा मैल चालत आणावा, तंग एक भोक सैल करावा. जमल्यास खाली उतरून बरोबर चालावे. घामाने निथळणारा, धापा टाकणारा घोडा मोतद्दाराच्या हाती सोपवून स्वाराने चहाला जाणे योग्य नव्हे. त्याला पुढे अर्धा तास घोडा फिरवावा लागतो, घाम पुसून खरारा करावा लागतो, खूर उचलून खडे काढावे लागतात; आणि एखादा खडा रुतला असेल, तर घोडा कोणत्या वळणापासून लंगडू लागला, हे त्याला सांगू शकणारा एकच मनुष्य असतो.