‘वाइड-आइड’ : एक विशेषण, दोन अर्थ
(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी उताऱ्यात ‘वाइड-आइड’ हा शब्द आला की आपल्यापैकी पुष्कळजण ‘मोठ्या डोळ्यांचा’ असे भाषांतर करून मोकळे होतात. ‘वाइड’ म्हणजे रुंद आणि ‘आइड’ म्हणजे डोळे असलेला, हे खरेच. पण जोडशब्दाचा अर्थ एवढ्याने हाती लागत नाही.

या विशेषणाचे मुख्य अर्थ दोन. पहिला, आश्चर्याने डोळे विस्फारलेला. ‘द चिल्ड्रन स्टेअर्ड वाइड-आइड ॲट द फोर्ट’ म्हणजे ‘मुले किल्ल्याकडे डोळे विस्फारून पाहत राहिली’. वसईच्या किल्ल्यात सहलीला आलेली लहान मुले पाहिली की हा अर्थ कोशाशिवाय कळतो. दुसरा अर्थ, जगाचा अनुभव नसलेला, भाबडा. ‘अ वाइड-आइड न्यूकमर’ म्हणजे नुकताच शहरात आलेला, कोणावरही चटकन विश्वास टाकणारा माणूस. सोबतचा शब्द पाहिला की निवड सोपी होते: पुढे ‘वंडर’ असेल तर पहिला अर्थ, ‘इनोसन्स’ असेल तर दुसरा.

मराठीत आणताना मात्र जपावे लागते. आपल्याकडे ‘डोळे मोठे करणे’ म्हणजे दटावणे, ‘डोळे वटारणे’ म्हणजे रागावणे, आणि ‘डोळे पांढरे होणे’ म्हणजे भीतीने किंवा धक्क्याने गर्भगळित होणे. शब्दशः भाषांतर केले, तर इंग्रजीतले भाबडे मूल मराठीत रागीट मास्तर होऊन बसेल!

इंग्रजीतील शेजारचे शब्दही वेगळे ठेवावेत. ‘वाइड-अवेक’ म्हणजे पुरता जागा, सावध. ‘स्टारी-आइड’ म्हणजे स्वप्नाळू.

भाबडेपणाच्या शब्दांना दोन्ही भाषांत एकच वाट फुटलेली दिसते. इंग्रजीतल्या ‘सिली’चा मूळ अर्थ सुखी, धन्य असा होता. पुढे तो निष्पाप, मग बापुडा आणि शेवटी मूर्ख असा घसरत आला. मराठीतही शंकराला आपण प्रेमाने ‘भोळा’ म्हणतो. पण त्याच शब्दाचा ‘भोळसट’ झाला की ती थट्टा ठरते. म्हणून ‘वाइड-आइड’ कौतुकाने म्हटले आहे की हिणवून, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरवावे.

याच्या उलट आपला एक सुंदर शब्द आहे : ‘डोळस’. भाबडी श्रद्धा आणि डोळस श्रद्धा यांतील अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात जोशीबुवांच्या बोलण्याला भुलून एक कुणबी जोडपे नाडले जाते आणि अखेर दोघेही शिकायचे ठरवतात. नाटकाच्या नावातले तिसरे रत्न म्हणजे शिक्षणाचा तिसरा डोळा, असा अर्थ लावला जातो.

मित्रहो, माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलामुलींना ‘वाइड-आइड’ हे विशेषण कोणीही सहज लावील. त्यातला दुसरा अर्थ शिक्षणाने पुसायचा आहे. कारण भोळ्या माणसाची सही कोणत्याही कागदावर घेता येते. पहिला अर्थ मात्र जपायचा आहे. नव्या गोष्टीने डोळे विस्फारणे थांबले, तर पुस्तक उघडावेसे तरी कशाला वाटेल?