सिग्नल रोवायचा कुठे?

प्रश्न : एचओ मापात (१:८७) भारतीय पद्धतीचं छोटं स्थानक मांडलं आहे. सिग्नल मात्र खोटे वाटतात. काय चुकलं असेल?

उत्तर : बहुधा जागा. आपल्याकडे सिग्नल सहसा रुळांच्या डावीकडे असतो. डिस्टंट (पूर्वसूचनेचा) सिग्नल होमच्या (स्थानकात प्रवेश देणाऱ्या सिग्नलच्या) साधारण १ किलोमीटर अलीकडे असतो. तुमच्या मापात हे अंतर साडेअकरा मीटर! टेबलावर तो सरळ गाळा. होम सांध्यांच्या बराच आधी ठेवा. स्टार्टर (स्थानकातून निघण्याचा सिग्नल) फाउलिंग मार्कच्या (दोन मार्ग फार जवळ येतात तिथल्या खुणेच्या) अलीकडे हवा, म्हणजे थांबलेल्या इंजिनाचं नाक शेजारच्या मार्गात घुसत नाही. तीन दिव्यांत तांबडा सर्वांत खाली, हिरवा वर. खांब चिकटवण्याआधी सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहा. वळणावर त्याचा कोपरा खांबाला घासायला नको.